शनिवारचं तेल

"जवस? साखळीले जवसाचं तेल? अवं, साखळी आहे का वांग्याची भाजी?"

ओसरीवर उभं राहून मोरेश्वर हे तिसऱ्यांदा विचारत होता. त्याच्या हातात सायकलीची साखळी होती, पण ती साखळीसारखी लोंबत नव्हती. चाकावरून उतरवली तरी तिनं चाकाचा बाक सोडला नव्हता. वाळलेल्या चिंचेच्या आकड्यासारखी ती त्याच्या मुठीत वाकडी उभी होती. वर पिवळट चिकट कातडं, आणि त्या कातड्यात रुतलेला कापूस.

"तुमीच सांगून गेले होते," दारातून त्याची बायको गुणवंता म्हणाली. हाताला कणीक तशीच. "साखळी वाळू देजो नको म्हणून."

"वाळू देजो नको म्हटलं होतं. फोडणी दे म्हटलं होतं का?"

बाजेवर सुपारी कातरत बसलेल्या मोरेश्वरच्या वडिलांना, नत्थूजींना, हसू आलं आणि हसण्याचा खोकला झाला. त्याच्या बहिणीनं, नलिनीनं, तोंडावर हात धरला. त्याच्या आईला, मनकर्णाबाईंना, मात्र हसू आलं नाही.

"आन् तेल कोणतं घेतलं, ते विचार ना तिले. माह्या मारुतीचं! मी दर शनिवारी वाटीत काढून ठेवो, देवळातून आली की उरलेली वाटी घडीभरात कोरडी. मले वाटे उंदीर पेऊन राहिले. दोन खेपा त्या मांजरीले घरात कोंडली मी याच्यापायी."

"देवाले वाहून उरलेलंच घेतलं, आत्याबाई. आधीचं नाही घेतलं," गुणवंता सासूला म्हणाली.

"मोठे उपकार केले मारुतीवर!"

"परवा मंगळवारी मले निघाचं आहे," मोरेश्वरनं साखळी आपटली. ती आपटल्यावरही सरळ झाली नाही. "पांढुर्ण्यापर्यंत बशीच्या टपावर, तिथून रेल्वेच्या डब्यात. एवढी सायकल न्याले मी भोपाळहून आलो, आन् इथं हे लोणचं घालून ठेवलं."

गुणवंता आत वळली आणि पोळी लाटू लागली. एवढी सायकल न्यायला. काल संध्याकाळी बसमधून उतरल्यावर चूळ भरता भरता त्यानं हेच सांगितलं होतं, आणि तेव्हापासून ते तिच्या डोक्यात नुसतं फिरत होतं. सायकल न्यायला.

गुणवंता रामाकोना गावची. बाप कापूस पिकवणारा, घरात दोन बैलजोड्या. चौथीपर्यंत शिकली, मग आईच्या हाताखाली आली. लग्न ठरलं तेव्हा बायकांनी तिच्या नशिबाचं कौतुक केलं होतं, कारण नवरा नागपूरच्या सरकारी कचेरीत कारकून होता. सौंसरला घर, गावाबाहेर संत्र्याचा बगीचा आणि कापसाचं वावर, आणि वर नागपूरची नोकरी. पोरगी नागपुरात राहील, असं सगळ्यांनी धरलं होतं. तिनंही धरलं होतं. मैत्रिणींना तिनं सांगूनही टाकलं होतं की सीताबर्डीवर खोली घेणार आहेत.

खोली मोरेश्वरनं घेतली, पण एकट्याची. पहिल्या वर्षी मनकर्णाबाई म्हणाल्या, नवी सून आहे, घर समजू दे. दुसऱ्या वर्षी त्यांचे गुडघे धरले. मग नलिनीला स्थळं पाहायची होती. मोरेश्वर शनिवारी संध्याकाळच्या बसनं येई आणि सोमवारी पहाटे जाई. रविवार बगीच्यात, बाजारात आणि आल्यागेल्यात जाई. म्हणजे गुणवंताच्या वाट्याला नवरा यायचा तो शनिवारी संध्याकाळी बसस्टँडवरून घरी येताना, कोपऱ्यावर दिसला की तिथपासून दारापर्यंत. पाण्याचा तांब्या घेऊन ती दारात उभी असे. तो तांब्या घेताना एकदा तिच्याकडे बघे. तेवढ्यावर तिचा आठवडा निघे. लग्नाला सहा वर्षं झाली, पाळणा हलला नाही, तर शेजारपाजारच्या बायका तिलाच उपास सांगत. एकदा मात्र गल्लीतली एक म्हातारी फटकन म्हणाली होती, "तिले काय सांगता, शनिवारचा नवरा आहे तिचा." गुणवंताला त्या म्हातारीच्या पाया पडावंसं वाटलं होतं.

मग छप्पन सालच्या नोव्हेंबरात राज्यं बदलली. नागपूर मुंबईकडे गेलं, सौंसरसकट छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला, आणि राजधानी भोपाळला गेली. नत्थूजींना त्यात फार काही वाटलं नाही. "माही बहीण सावनेरले, ते मुंबईवाली झाली. मी भोपाळवाला झालो. दोघंबी जागचे हाललो नाही," असं ते येईल त्याला ऐकवत. पण मोरेश्वरची कचेरी मधोमध फुटली. कोणी मुंबईला गेलं, कोणी भोपाळला. हा सौंसरचा, म्हणून याला भोपाळ. एक ट्रंक आणि वळकटी घेऊन तो गेला. नागपुरातली सायकल बसच्या टपावर टाकून घरी आणून ठेवली आणि निघताना, सगळ्यांसमोर, गुणवंताला म्हणाला, "साखळी वाळू देजो नको."

सगळ्यांसमोर तिच्याशी बोललेलं ते पहिलंच वाक्य असावं. तिनं ते गाठीशी बांधलं.

सायकल कापसाच्या खोलीत होती. वेचणी सुरू झालेली, खोलीतला ढीग छताकडे चढत चाललेला. साखळीला काय लावायचं हे विचारायला कोणी नव्हतं. माहेरी बाप गाडीच्या आसाला एरंडेल आणि काजळीचं वंगण भरी, पण ते काळं, घट्ट. नवऱ्याच्या शहरी सायकलीला ते कसं लावायचं? घरात घाण्यावरचं ताजं जवसाचं तेल होतं. सोन्यासारखं पातळ, ज्यात भाज्या होत, ज्यातलं मारुतीला जाई. त्याहून चांगलं या घरात दुसरं काही नव्हतं.

पहिल्या शनिवारी बसच्या वेळेला तिचे पाय आपोआप दाराकडे गेले. तांब्याही हातात होता. कोपरा रिकामा. ती परत आली, कापसाच्या खोलीत गेली आणि वाटीतलं तेल बोटांनी साखळीच्या एकेका कडीवर चोळत बसली. साखळी लखलखली. दुसऱ्या शनिवारी बोटाला चिकट लागलं, तर तिला वाटलं, तेल कमी पडलं. तिनं जास्त लावलं. जवसाचं तेल वाळून वार्निशासारखं कडक होतं, हे कढईच्या काठावरच्या पिवळ्या थराकडे बघून तिला कळायला हवं होतं. कळलं नाही. शनिवारी संध्याकाळी ती स्वयंपाकाचा विचार करत नसे. थरावर थर चढत गेला, वरून खोलीतला कापूस उडून बसत गेला. सायकल तशीच उभी, चाक कोणी फिरवलं नाही. मोरेश्वरनं आल्यावर फिरवलं, तेव्हा साखळी दातांवरून उठली आणि मागे जाऊन अडकली.

दुपारी मोरेश्वर साखळी घेऊन बाजारात भैय्याजीच्या सायकल दुकानात गेला आणि थोड्याच वेळात परत आला. तोंड आणखीच उतरलेलं.

"काय म्हणे भैय्याजी?" नत्थूजींनी विचारलं.

"हसला. दुकानातले सगळे हसले. म्हणे, साखळी आहे का गादीवाल्याची दोरी? घासलेटनं जाणार नाही म्हणे हे. सोड्याच्या पाण्यात उकळा, मग खरवडा, मग घासलेट. आन् घरी करा म्हणे, माह्या दुकानात कापूस नको."

"मग कर घरी," नत्थूजी म्हणाले.

"माह्या चुलीवर लोखंड शिजाचं नाही," मनकर्णाबाई आतून म्हणाल्या. "जिनं केलं तिनं परसात तीन दगड मांडावे आन् निस्तरावं."

अशी ती दोघं परसात आली. रविवारची दुपार, पौषातलं ऊन, कडेला सरपणाचा ढीग. गुणवंतानं तीन दगड मांडले, फुटक्या काठाचं जुनं पातेलं ठेवलं, पाण्यात धुण्याचा सोडा टाकला. मोरेश्वरनं साखळी आत सोडली. पाणी उकळायला लागलं आणि वर तपकिरी फेस आला. त्याच्यासोबत असा वास सुटला की नलिनी दारात येऊन नाक दाबून परत गेली.

ते तिथं बसले आहेत, हे कोणाला वावगं वाटलं नाही. काम होतं ना. दिवसाउजेडी नवऱ्यासोबत एका जागी बसण्याची ही तिची या घरातली पहिलीच वेळ, आणि ती सासूनंच रागावून दिली होती. गुणवंता चुलीत लाकूड सारत राहिली. बोलायची तिला भीती वाटली. बोललं की तो उठून जाईल असं वाटलं.

"लई लावलं का?" शेवटी तोच म्हणाला.

"दर शनिवारी."

"दर शनिवारी कशाले?"

ती फेसाकडे बघत राहिली. "शनिवार होता म्हणून."

साखळी पाण्यातून काठीनं उचलून त्यानं गोणपाटावर टाकली. एक टोक त्याच्याकडे, एक तिच्याकडे. त्याच्या हातात बोथट सुरी, तिच्या हातात डोक्यातली लोखंडी पिन. कडी मऊ झाली होती. पिन घातली की पिवळा लगदा निघे, त्यात कापसाची तार. कडी हलवायची, पुन्हा खरवडायचं. दोन टोकांकडून दोघं मध्याकडे येत होते. मोरेश्वरचा हात भरभर चालत होता. गुणवंता स्वच्छ झालेली कडी पुन्हा पुन्हा खरवडत होती.

"तिकडं कसं आहे?" तिनं विचारलं.

"चढउतार. इथल्यासारखं सपाट नाही. कचेऱ्या इकडं एक, तिकडं एक, जुन्या बरॅकी आहेत. पायी जाता जाता माणूस अर्धा होते. म्हणून तर सायकल."

"आन् जेवता कुठं?"

"चौघं आहो एका खोलीत. पाळीनं करतो. माही पाळी असली की भात."

"आन् दुसऱ्याची असली की?"

"त्यायचाबी भातच." तो हसला. "एक इंदूरचा आहे, तो पोहे करते. एक जबलपूरचा. हिंदीत भांडतो आमी. मले अजून धड भांडता येत नाही. अर्ध्यातच मराठी निघते तोंडातून."

"मग ते काय करतात?"

"हसतात. मग भांडण मिटते."

तीही हसली. आतून मनकर्णाबाईंच्या बांगड्या वाजल्या, तशी सुरी-पिन जोरात चालू झाली. बांगड्या गेल्या.

"चौघांसाठी एकच खोली दिली सरकारनं?"

"एकट्याले तशीच देतात. कुटुंबवाल्याले क्वार्टर आहे. दोन खोल्या, मागं आंगण, नळ." तो कडीत सुरी फिरवत होता आणि सहज बोलून गेला. "बडेबाबूंनी विचारलं होतं. नवीन बांधून झाले आहेत म्हणे, या महिन्यात सांगा, मग भरून जातील."

गुणवंताची पिन थांबली.

"मग काय सांगितलं?"

"म्हटलं, विचारून सांगतो."

"कोणाले विचारलं?"

तो पुढची कडी खरवडू लागला.

"तुमाले कुटुंब नाही का?" तिनं हळूच विचारलं. आवाजात राग नव्हता. खरंच माहीत नसल्यासारखं तिनं विचारलं, आणि त्यामुळे त्याला वर बघावंच लागलं.

"तसं नाही. पण मायले कोण सांगेल? तिचे गुडघे. नलूचं लग्न. वेचणी सुरू आहे. नागपूर होतं तेव्हाबी जमलं नाही, आन् आता तर भोपाळ. एका रातीची गाडी. माय म्हणेल, पोरगा गेला आन् सूनबी नेली."

"तुमाले वाटते का, मी यावं?"

मोरेश्वरनं आजूबाजूला पाहिलं. सरपणाचा ढीग, शेजारच्यांची भिंत, भिंतीवर बसलेली तीच कोंडलेली मांजर. मग खाली बघून तो म्हणाला, "भात खाऊन खाऊन कंटाळा आला."

सहा वर्षांत तो याहून जास्त काही बोलला नव्हता. गुणवंताला ते पुरलं.

काम त्या दिवशी संपलं नाही. सोमवारी सकाळी पुन्हा सोडा, पुन्हा खरवडणं, मग घासलेटच्या डब्यात साखळी बुडवून हलवणं. घासलेट काळं झालं, बदललं, मग तपकिरी झालं, मग तसंच राहिलं. दुपारपर्यंत साखळी मोरेश्वरच्या बोटावरून पाण्यासारखी घरंगळायला लागली. फडक्यानं कोरडी करून त्यानं ती उन्हात दोरीवर टाकली, वाळल्यावर सायकलीवर चढवली, आणि मग भैय्याजीकडून आणलेली यंत्राच्या तेलाची कुप्पी काढली.

"इकडं पाह्य. तेल वरून चोळाचं नाही. प्रत्येक कडीच्या आतल्या गुंडीवर एक थेंब. फिरवाचं, आत जाऊ द्याचं. मग फडकं घेऊन बाहेरचं सगळं पुसून टाकाचं."

"सगळं?"

"सगळं. बाहेर राहिलं की धूळ धरते."

तिनं कुप्पी हातात घेतली. एका कडीवर एक थेंब. मग दुसरी कडी. तो पायडल हातानं सावकाश मागे फिरवत होता आणि साखळी तिच्यापुढून सरकत होती. दोघं एका सायकलीला धरून होते. साखळी दातांवरून जाताना आवाजसुद्धा येत नव्हता. आता काम संपणार होतं. उद्या ही सायकल बसच्या टपावर बांधतील, ती दारातून बघेल, आणि पुढच्या शनिवारी तिच्याजवळ हात चालवायलाही काही नसेल.

"आज सांगता का आत्याबाईले?" ती म्हणाली.

"सांगतो. जेवताना सांगतो."

"नक्की?"

"सांगतो म्हटलं ना."

दिवेलागणीला पुरुषांची पानं वाढली. नत्थूजी, मोरेश्वर. मनकर्णाबाई नेहमीप्रमाणे चुलीजवळच्या पाटावर बसून कोणाला काय हवं ते सांगत होत्या, नलिनी कंदिलाची वात वर करत होती, गुणवंता वाढत होती. भाकरी वाढताना ती मोरेश्वरकडे बघे. तो ताटाकडे बघे. एक भाकरी झाली. दुसरी झाली. नत्थूजींनी बगीच्याचं काढलं, यंदा फळ बारीक आहे म्हणून. मोरेश्वर हो हो म्हणाला. मग ते सावनेरच्या बहिणीकडे वळले. त्यावरही तो हो म्हणाला.

मग त्यानं घास खाली ठेवला. "माय."

गुणवंताच्या हातातलं वरणाचं भांडं जागीच थांबलं.

"काय रे?"

मोरेश्वरनं आईकडे पाहिलं. मनकर्णाबाई गुडघ्यावर हात फिरवत होत्या. चुलीच्या उजेडात त्यांचा चेहरा थकलेला दिसत होता, आणि तो चेहरा आपल्या पोराकडे असा बघत होता की उद्या हे पोरगं पुन्हा जाणार, याशिवाय त्यात दुसरं काही नव्हतं. गुणवंतालाही ते दिसलं. सासूलाही कोणीतरी जवळ हवं असतं, हे तिला आजवर सुचलंच नव्हतं. वाईट वाटलं तिला. खरंच वाईट वाटलं.

"काय म्हणून राहिला? बोल ना."

"काही नाही. भाजी चांगली झाली," मोरेश्वर म्हणाला आणि जेवू लागला.

"तूच नसतो खाले," मनकर्णाबाई म्हणाल्या. मग त्यांनी डोळ्यांवरून पदर फिरवला आणि नेहमीच्या आवाजात आल्या. "गुणवंते, परवापासून तू वेचणीले जाजो बायांसंगं. दोन दिवस गेले तुहे त्या साखळीत. नलू घरचं पाह्यल. आन् शनिवारी जामसावळीच्या मारुतीले जाऊ आपण, त्या तेलाचं देवाले काही सांगून यावं लागेल."

मोरेश्वरनं मान वर केली नाही. त्याचे कान लाल झाले होते. गुणवंतानं त्याच्या ताटात वरण वाढलं, त्याला हवं होतं त्याहून थोडं जास्तच. मग भांडं खाली ठेवलं, पदर नीट केला आणि सासूसमोर येऊन उभी राहिली.

"आत्याबाई, यायले भोपाळले क्वार्टर भेटते. कुटुंब असलं तरच भेटते. हे तुमाले यायनं सांगाले पायजे होतं, यायच्यानं झालं नाही."

नलिनीनं कंदील खाली ठेवला. नत्थूजींनी खोकला आवरला.

"मी उद्या यायच्यासंगं जाऊन राहिली," गुणवंता म्हणाली. "नलूताईचं ठरलं की महिनाभर आधी येईन. वेचणीले दुसरी बाई पाहा."